दहा की तेरा

१० जून, सोमवार

दोषी! शिवणकाम करणारी ती बाई दोषी ठरली. दोन्ही गुन्ह्यांत — नशेची पावडरही आणि पिस्तूलही. भावाने तिच्या ट्रंकेत गाठोडं ठेवलं, "चार दिवस राहू दे" म्हणाला आणि पसार झाला. आपण उघडूनही पाहिलं नाही, असं ती सांगते. पण ट्रंकेची किल्ली तिच्याच कमरेला होती. कायद्याला तेवढं पुरतं.

साहेब निकाल सांगत होते, मी खाली स्टेनोच्या टेबलाशी उतरवून घेत होते. ती सारखी माझ्याकडेच बघत होती. का कोण जाणे!

१२ जून, बुधवार

शिक्षा किती, यावर सुनावणी. तिचा वकील पाया पडायचाच काय तो बाकी राहिला. पहिलाच गुन्हा, नवरा नाही, गुडघे गेलेले, मुलगी नर्सिंग शिकतेय. सरकारी वकील म्हणाले, "पिस्तूल भरलेलं होतं, साहेब." तेही खरंच.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "पावडरीचं वजनच इतकं आहे की दहा वर्षांच्या खाली मला जाता येत नाही. पिस्तुलाला कमीत कमी तीन. माझे हात बांधलेले आहेत." मग तिला विचारलं, काही सांगायचंय का?

ती म्हणाली, "गिऱ्हाइकांचे कपडे पोलिसांनी उचलून नेलेत. दोन ब्लाऊज, एक गणवेश. तेवढे परत द्यायला सांगा."

मागे कुणीतरी हसलं. साहेब नाही हसले.

१३ जून, गुरुवार

चेंबरमध्ये साहेबांनी शिक्षेचा आदेश सांगितला, मी टाइप केला. पावडरीसाठी दहा वर्षं. पिस्तुलासाठी तीन. "झालं," म्हणाले आणि उठून जेवायला गेले.

पण एक ओळ राहिली! "दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या." एकोणीस वर्षं हेच काम करतेय, ही ओळ बोटांना पाठ झालीये. ती असली की दहा वर्षांत दोन्ही शिक्षा संपतात. नसली तर एक संपल्यावर दुसरी सुरू. म्हणजे तेरा!

मुद्दाम गाळली? की विसरले?

विचारायला जीभच उचलत नाही. मागच्या वर्षी एका जामिनाच्या आदेशात असंच काहीतरी विचारलं, तर भर कोर्टात म्हणाले, "बाई, तुम्ही टाइप करा. न्याय मी करतो." शिपाई अजून त्यावरून माझी फिरकी घेतो.

घरी नवऱ्याला सांगितलं, कोण-कुठली ते न सांगता. तो भाजी निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "भरलेलं पिस्तूल होतं ना? मग गाळली असेल मुद्दाम. तू कशाला मध्ये पडतेस? नसती आफत!"

असेल. मुद्दामच असेल.

१४ जून, शुक्रवार

चेंबरच्या दारापर्यंत दोनदा गेले. पहिल्यांदा आत कुणीतरी होतं. दुसऱ्यांदा कुणीही नव्हतं — तरी परत आले.

पाण्याच्या कूलरपाशी तिची मुलगी भेटली. "मॅडम, टाइप तुम्हीच करता ना?"

"सोमवारी कळेल."

"आकडा नका सांगू. आम्ही दहाच धरून चाललोय. आई म्हणते, दहा काढीन मी. एकसष्टाव्या वर्षी सुटले तरी मशीन चालवता येईल." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "दहाच ना, मॅडम?"

मी ग्लास भरत राहिले. पाणी हातावरून खाली सांडलं तेव्हा कळलं.

१५ जून, शनिवार

मीच टाकली ती ओळ तर? साहेब न वाचता सही करतात. बोटं की-बोर्डवर ठेवली. उचलली. नोकरी जाईल, शिवाय मीच पिंजऱ्यात!

१७ जून, सोमवार

झालं. साहेबांनी फक्त आकडे वाचले आणि तिथेच सही केली. तिचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला. त्याने नवखा ज्युनिअर पाठवला होता, तो नुसती मान डोलावत होता. बाईला काही उमगलंच नाही. "किती?" तिने पोलिसीणबाईला विचारलं. पोलिसीणबाईने प्रत वाचून सांगितलं, आधी दहा, मग तीन. मग बाई स्वतःच बोटांवर मोजायला लागली. दहाला बोटं संपली.

मुलगी माझ्याकडे आली नाही. लांबूनच बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ जून, मंगळवार

आज तिचा वकील धावत आला. साहेबांनी प्रत मागवली, वाचली, चष्मा काढला. सही झालेल्या निकालात आता त्यांनाही एक ओळ घालता येत नाही. अपील करावं लागेल, वरच्या कोर्टात, नंबर लागेल तेव्हा.

वकील गेल्यावर म्हणाले, "विसरलो हो मी! तुमच्या लक्षात नाही आलं?"

मी म्हटलं, "नाही, साहेब."