वाकड्या बोटाच्या उजवीकडे

प्रिय आत्या,

काय मिळालं, ते सांगायला लिहितेय.

तुझा पहिला प्रश्न तोच असायचा ना? मी कारखान्याच्या ऑफिसातून दमूनभागून कळमेश्वरहून यायची, चप्पल काढायच्या आत तू विचारायचीस, "काय मिळालं वं?" जसं काही माणूस घराबाहेर पडतो तो काहीतरी बघायला मिळावं म्हणूनच! मी म्हणायची, "आत्या, नोकरीवर गेले होते गं." तर तू म्हणणार, "मंग? रस्त्यात डोळे मिटून होती का?"

तर ऐक. काल रविवार होता. तू गेल्यापासून कपाटात पडलेला तुझा कॅमेरा काल पहिल्यांदा बाहेर निघाला आणि सोनेगावच्या तळ्यावर गेला. सोबत कोण होतं माहितीये? आई! हो, तुझी भावजय, शीलाबाई! आणि तिच्या डोक्यावर तुझी ती खाकी टोपी! आता हसू नकोस, सगळं ओळीने सांगते.

सुरुवात तुझ्या बोटापासूनच करावी लागेल. फाटकाच्या लोखंडी कडीत उजव्या हाताचं पहिलं बोट सापडलं, तेव्हा तू काय केलंस? जन्मभर रामदासपेठेत नर्स म्हणून नोकरी केलीस, दुसऱ्यांच्या जखमांवरून डॉक्टरांशी भांडलीस, आणि स्वतःच्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळून सरळ ड्युटीवर गेलीस. नर्सबाईंना कोण सांगणार? ते बोट शेवटच्या पेराला डावीकडे वळलं ते वळलंच. तू एक्स-रे काढला असतास तर काय बिघडलं असतं गं? यावरून मी अजून रागावलेली आहे.

पण मग वाटतं, बोट सरळ राहिलं असतं तर मला कॅमेरा मिळालाच नसता. तू बटण दाबेपर्यंत विमान निघून जायचं, पाखरू उडून जायचं, आणि तुझ्या वाट्याला कोरं आभाळ यायचं. महिनाभर कोऱ्या आभाळाचे फोटो काढून झाल्यावर तू कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात घातलास. "मी पाह्यते, तू दाब," म्हणालीस. तेवढीच माझी शिकवणी.

काय नजर होती तुझी! विमानाचा आवाज माझ्या कानावर यायच्या आधी तुला विमान दिसायचं. गोरेवाड्याला झुडपाच्या रंगाची नीलगाय झुडपात उभी असायची आणि तू स्कुटीवरूनच हात करायचीस. पंचाईत एकच होती. तुझं बोट एक दाखवायचं आणि वस्तू दुसरीकडे असायची! तू बाभळीकडे बोट करायचीस आणि खंड्या बसलेला असायचा बाजूच्या तारेवर. मी वैतागून म्हणायची, "आत्या, नीट दाखव ना!" आणि तू माझ्यावरच डाफरायचीस, "नीटच दाखवून राहिली. बोटाच्या उजवीकडे पाह्य!"

हात जरा वळवला असतास तरी चाललं असतं. पण नाही! "हात बराबर आहे, बोटाचं मी काय करू?" मग मीच शिकले. तू बोट उचललंस की माझी मान आपोआप उजवीकडे वळायला लागली. किती उजवीकडे, तेही डोळ्यात बसलं. पाखरू जवळ असेल तर थोडं, आभाळात असेल तर बरंच.

तळ्याजवळच्या रस्त्यावर त्या पोलिसाने हटकलं होतं, आठवतं? विमानतळ जवळ, आपल्या हातात ही लांबलचक लेन्स. त्याने गाडी थांबवली.

"मॅडम, विमानाचे फोटो काहून काढून राहिले तुम्ही?"

"चांगलं दिसते म्हणून," तू म्हणालीस.

तू कॅमेरा त्याच्या नाकासमोर धरलास आणि बगळे, विमानं, नीलगाई, अंबाझरीचा सूर्यास्त, सगळं दाखवायला सुरुवात केलीस. मग म्हणालीस, "भाऊ, तुमच्या मागे पिंगळा बसला आहे, तो पाहा." तो वळला, तुझ्या बोटाच्या नेमाने बघायला लागला, आणि विजेच्या खांबाकडे बघून बघून त्याचे डोळे दुखले. शेवटी मी मागून हळूच म्हटलं, "साहेब, उजवीकडे." पिंगळा दिसल्यावर केवढा खूश झाला! विमानतळाच्या कुंपणाजवळ जायचं नाही, तळ्याच्या या अंगाला राहायचं, एवढं बजावून गेला. आपण तरी कुठे कुंपणाजवळ जात होतो? आपल्याला तळंच हवं होतं. उतरणारं विमान आणि उडणारं पाखरू एका फोटोत यायला हवं, हा तुझा हट्ट. विमान यायचं तेव्हा पाखरू नसायचं, पाखरू यायचं तेव्हा विमान उशिरा!

कळमेश्वरच्या रस्त्यावर पळस फुलला की मात्र बोटाची गरज पडायची नाही. तू भर रस्त्यात स्कुटी थांबवायचीस, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. मी फोटो काढायला घाई केली की म्हणायचीस, "झाड काय पळून राहिलं का? बस आधी." मग आपण बांधावर बसून आईने दिलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या खायचो. डबा रिकामा झाल्यावर फोटो. तो क्रम कधी चुकला नाही.

आई सांबारवड्या द्यायची आणि त्यासोबत बोलणीही द्यायची. "कावळे पाह्याले पेट्रोल जाळता! कावळे काय आपल्या छतावर नाई येत?" तू म्हणायचीस, "शीला, एक डाव चाल तर." त्यावर तिचं ठरलेलं, "ताई, मंग रविवारची भाजी कोण निवडन?" आणि तू निघून यायचीस. आत्या, इतक्या सहज का गं ऐकायचीस तिचं? पोलिसाला गुंडाळलंस, ट्रकवाल्यांना गुंडाळलंस, आणि भाजीच्या एका जुडीपुढे हार मानलीस!

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यातलं एक सांगते, कारण ते आठवलं की मला हसूच येतं. तुला बोलवत नव्हतं. तू बोट उचललंस. ड्युटीवरच्या पोरीला वाटलं तू सलाइनकडे दाखवतेस, ती धावत आली आणि नळी तपासायला लागली. मी उजवीकडे पाहिलं. खिडकीबाहेर घार घिरट्या घालत होती, अगदी संथ, पंख न हलवता. मी तुला म्हटलं, "मिळाली." तू डोळे मिटून हसलीस.

मग हिवाळ्यात तू गेलीस, आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी भिंतीवर लावायला तुझा फोटोच सापडेना! जिच्या कॅमेऱ्यात अर्धं नागपूर आहे, तिचा एक धड फोटो नाही. कधी तुझ्याकडे लेन्स वळवली की तू हात आडवा घालायचीस. "माह्यावर काय वाया घालवते? मी तर रोजच दिसते." बघ आता! शेवटी दवाखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात तू अशी दिसतेस की जणू कोणीतरी तुझ्या वॉर्डात चप्पल घालून शिरलं आहे.

त्यानंतर मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. दाखवणारं कोणी नाही तर दाबायचं काय? माझी नजर तुझ्यासारखी नाही, कधीच नव्हती. मी आईला सांगून टाकलं, कोणा हौशी माणसाला देऊन टाकू, निदान वापरात राहील. मला वाटलं, आई म्हणेल बरं झालं, कपाटात जागा झाली.

आई भाजीच निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक डाव जाऊन ये. मंग देजो."

"कोणाबरोबर जाऊ?"

"मी येते न."

"आणि भाजी?"

"भाजीले काय होते? येऊन निवडीन."

ऐकलंस का आत्या? इतकी वर्षं त्या भाजीपायी आपण अडून बसलो होतो!

तर काल सकाळी आम्ही तळ्याच्या काठी उभ्या. आई टोपी सावरत, डबा पोटाशी धरून, परीक्षेला बसल्यासारखी गंभीर. थोड्याच वेळात तिने बोट केलं. "अवं, ते पाह्य, निळा निळा!" मी पाहिलं. बेशरमाची झुडपं होती, बाकी काही नाही.

"कुठे?"

"तिथं! बोटासमोर!"

मी आणखी उजवीकडे पाहिलं. नुसती झुडपं.

"सुजू, मी सरळ दाखवून राहिली, अन् तू तिकडे काहून पाहून राहिली?"

तोवर खंड्या उडालासुद्धा. निळी रेघ पाण्यावरून गेली ती आईच्या बोटाच्या अगदी समोरून. मी आईच्या बोटाकडे पाहिलं. सुईसारखं सरळ बोट. आणि मी तुझ्या बोटाच्या हिशोबाने उजवीकडे बघत होते.

आईच्याही ते त्याच क्षणी लक्षात आलं. मग आई हसायला लागली. अशी हसली की काठावरच्या टिटव्या ओरडत उठल्या. मीही हसले आणि हसता हसता रडले, खूप रडले, काही लपवलं नाही. तू गेल्यावर इतकं मोकळं मला रडताच आलं नव्हतं. आईने पदराने माझं तोंड पुसलं आणि त्याच पदराने तुझ्या कॅमेऱ्याची लेन्सही पुसायला निघाली. ती मी वाचवली.

तेवढ्यात विमानाचा आवाज आला. आईने इकडेतिकडे पाहिलं, हात उचलला, आणि मग थांबून स्वतःच्या बोटाचं टोक डाव्या हाताने धरून वाकवलं. डावीकडे.

"आता पाह्य. ताईसारखं करते."

मान आपोआप उजवीकडे गेली. पाण्यातल्या खुंटावर पाणकावळा पंख पसरून ऊन खात बसला होता, आणि त्याच्या डोक्यावरून विमान खाली येत होतं.

"दाब वं!" आई ओरडली.

मी दाबलं.

आता काय मिळालं ते सांगते. पाणकावळा झकास आला आहे, पंखांचं एकेक पीस मोजून घ्यावं असा. विमान आलं आहे, पण शेपटीशिवाय. आणि खालच्या कोपऱ्यात, धूसर, आईचं वाकवलेलं बोट. आईने बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "बोट आलं वं. ताई असत्या तर मिटवाले लावला असता."

असताच लावला! बोट आलेला एक फोटो तू ठेवू दिला नाहीस. "बोटाचा फोटो! मिटव." पण तुला एक माहीत नाही. मिटवायचा मी कंटाळा करायची. काल घरी येऊन सगळे जुने फोटो चाळले, तर किती तरी ठिकाणी कोपऱ्यात तूच बसलेली! आणि त्यात तो एक सापडला. विमान उतरतंय, त्याच्या पुढून चित्रबलाक पंख पसरून निघालाय, दोन्ही पूर्ण, शेपटीसकट. तुझा हट्टाचा फोटो आत्या, तो आपल्याला कधीचाच मिळाला होता! बोट मध्ये आलं म्हणून तू त्याच्याकडे धड पाहिलंही नाहीस. आणि तुझं बोट त्या फोटोतही आपलं भलतीकडेच दाखवतंय.

मी तो मोठा करून आणणार आहे. ओळखपत्रातली ती रागीट बाई उतरवून तिथे तो लावणार, आणि शेजारी आईचा कालचा. आईने आधीच खिळे काढून ठेवले आहेत. येणारे-जाणारे विचारतील, हे काय लावलं? मी सांगेन, ही आमची आत्या. उजवीकडे पाहा.

कॅमेरा कोणाला देत नाही, हे वचन. आईला दर रविवारी नेईन, भाजीसकट न्यावं लागलं तरी नेईन, तळ्याकाठी बसून निवडू. एकही बोट मिटवणार नाही. आणि बोट सरळ करून दाखवायला मी आईला कधीही शिकवणार नाही.

तुझं दाबणारं बोट,
सुजाता