गावानं चुली थांबवल्या ती संध्याकाळ

बाबा, मी विमानात बसली. तेही एकाच दिवसात दोनदा. हे आधीच सांगून टाकते, कारण अर्धं ऐकून उठून जायची तुमची सवय मले माहीत आहे. तुमाले जाऊन तीस वर्षं झाले, आता कोणाचे बैल सोडायचे राह्यले आहेत? बसा जरा.

शाळेत फोटोवाला आलता, आठवते काय? मी तिसरीत होती, पहिल्या रांगेत, नव्या फितीची वेणी घालून. तुम्ही वावरातून तसेच आले, वेणी धरून मले रांगेतून बाहेर काढलं. "पोरीचा फोटो गावभर कायले फिरायले पाह्यजे?" दुसऱ्या दिवसापासून शाळाच बंद. म्हणून माही अक्षरं अशी आहेत, कोंबडी मातीतून चालल्यासारखी. तुमच्यानंच झाली, तवा तुम्हीच वाचून घ्या.

तर ऐका. तुमच्या त्याच पोरीची नात फोटो काढते. लग्नातले नाई, विमानातून. नागपूरच्या तिच्या कंपनीले जुने बुजलेले तलाव शोधायचे होते. खालून पाह्यलं तर नुसतं सपाट वावर. पण सूर्य पार खाली असला की हातभर उंचवट्याचीही लांबच लांब सावली पडते, अन् वरून जुनी पाळ रेघेसारखी उमटते. फक्त तेवढ्या कमी उजेडात फोटो काढणं मोठं कठीण. हात जरासा हलला की सगळं पुसट. साहेबानं तिले सांगून ठेवलं होतं, विमान एकच दिवस भेटेल. जमलं तर हे काम तुमचं, नाई तर पुन्हा हापिसात बसून दुसऱ्यानं काढलेले फोटो चिकटवा.

माह्या पोरानं, म्हणजे तिच्या बापानं, देवळीच्या आमच्या दुकानात बसल्या बसल्या नाई म्हणून टाकलं. "परक्या माणसासंग विमानात? उद्या पोरगी पाहायले कोण येईन?" आवाज तुमचाच, बाबा, अगदी तुमचा. मी म्हणली, "मी जाते तिच्यासंग. मंग तर झालं?"

"आई, तुले एसटीत उलटी होते!"

"विमानाच्या रस्त्याले खड्डे नसतात."

सून पदरात तोंड खुपसून हसली. (असतात, बाबा. विमानाच्या रस्त्यालेही असतात.)

आता माही चूक सांगते, लपवत नाई. आदल्या दिवशी मी एसटीडीवरून माहेरी, आपल्या गावाले, भावजयीले फोन केला. म्हणली, "उद्या उजाडता उजाडता आमी तुमच्या डोक्यावरून जाऊ. जरासा धूर करजो, म्हणजे गाव कोणतं ते मले समजन." एवढंच. तिनं ते गावभर केलं. कापूस वेचून झालता, उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग वावरावावरात पडले होते.

सकाळी नागपूरहून उडालो. विमान एवढंसं, चार माणसं जेमतेम मावतील, अन् नात बसली त्या बाजूचं दारच काढून ठेवलेलं! तिले पट्ट्यांनी बांधलं होतं. कॅमेरा विमानाले टेकवला की इंजिनाची थरथर फोटोत उतरते, म्हणून ती नुसत्या हातांवर तोलून धरे अन् मी मागून तिची कंबर धरे. थंडी अशी की दात वाजून राह्यले होते, पण बाबा, काय सांगू, मले हसूच येत होतं. देवळी मागं पडली, अन् खाली पाहते तर गावच नाई! प्रत्येक वावरात ढीग पेटलेला, अन् थंडीत धूर वर कुठं जाते, सगळा गोधडीसारखा पसरलेला. त्या धुरातून लोकं उड्या मारमारून हात हलवून राह्यले होते. नातीचा आवाज माह्या कानावर चढवलेल्या ऐकायच्या वाट्यांतून आला, "आजी, तू कोणाले सांगतलं काय?"

"एकीलेच."

खाली उतरलो. पायलट जुना फौजी, हिंदी बोलणारा. म्हणे, "माताजी, अब तो धूप चढ़ गई, काम खतम." नात रडली नाई. मुकाट्यानं रोलच्या डब्या पिशवीत टाकून राह्यली. ते पाहून माह्या डोक्यात गेलं. अशीच मुकाट मी रांगेतून निघालती ना. म्हणली, "काऊन खतम? संध्याकाळी सूर्य खाली येत नाई काय? सावली इकडून नाई तर तिकडून पडन."

"शाम को हर घर में चूल्हा जलता है, माताजी. फिर वही धुआँ."

"चूल मी पाहते. तुमी विमान पाहा."

तो हसला, अन् वरच्या साहेबाले विचारून आला. मी पुन्हा फोन लावला. "आज दिवस बुडेस्तोवर गावात एकही चूल पेटली नाई पाह्यजे."

भावजय म्हणे, "बाई, सकाळी तुमीच तर धूर करा म्हणल्या!"

"आता मीच नोको म्हणते. पोरीचं काम अडलं आहे."

"अन् लेकरं काय खातीन?"

"सकाळची भाकर."

बाबा, त्या संध्याकाळी आपल्या गावात एक चूल पेटली नाई. फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानंसुद्धा भट्टी विझवली. म्हातारे चहावाचून चरफडत बसले, म्हणे. कोणासाठी? एका पोरीच्या फोटोसाठी. वरून गाव असं लख्ख दिसत होतं, एकेका बाभळीची सावली दोन-दोन वावरं लांब. अन् मंग ती दिसली. गावाच्या उत्तरेले, फुटलेल्या बांगडीसारखी वाकडी, काळी रेघ. तलावाची पाळ! आपण सगळे जलमभर तिच्यावरून ये-जा करत होतो, कोणाले पत्ता नाई. तुमालेही नव्हता. नातीनं श्वास रोखला. मीही रोखला, माह्या श्वासानं तिची कंबर हलन म्हणून.

फोटो साफ आला. काम तिलेच भेटलं. आता ती कुठं कुठं उडते, मले नावंही घेता येत नाई. तिचा बाप तो फोटो दुकानात लावून गिऱ्हाइकाले दाखवते, "माह्या पोरीनं काढला." मेलेल्या माणसाले सगळं माफ करावं म्हणतात. मी नाई करत. ती वेणी अजून दुखते, अन् मी ती दुखू देणार आहे. मजेत आहे मी, तरीही.

हे पत्र कोणाले दाखवायचं नाई, पिठाच्या डब्यामागं ठेवून देईन. म्हणून सांगून टाकते. फोटो गावाले नेला तवा भाऊ म्हणे, "बाई, तुमी तर वरून पाह्यलं. बाबाचं वावर कोणतं, दाखवा." मी लगेच बोट ठेवलं. खरं म्हणजे मले ते सापडलंच नव्हतं, वरून सगळे तुकडे सारखेच. जे सगळ्यात हिरवं होतं, ते मी तुमचं म्हणून सांगतलं.