पाणी न घालता

सोमवार, ६ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे. डार्मश्टाटहून ट्रेन, मग बस, मग अर्धा दिवस चढण. दक्षिण जर्मनीतल्या आल्गाऊच्या डोंगरातली ही शिकाऱ्यांची हट म्हणजे एक खोली, शेगडी, दोन बाकं आणि भिंतीवर वायरलेस. मोबाइलला रेंज नाही. ईश्वरीला बसमधूनच सांगितलंय, रविवारपर्यंत नवऱ्याला विसर.

नवी नोकरी झकास आहे. आमची छोटी कंपनी शिकाऱ्यांसाठी फ्रीझ-ड्राइड जेवणं बनवते. गरम पाणी ओतायचं, जरा थांबायचं, गुलाश म्हणजे मांसाचा रस्सा तयार. पण त्यावर राहणारा माणूस गळून जातो अशी तक्रार आहे. म्हणून मला लोरेन्झबरोबर पाठवलंय. साठीचा, इथला मुरलेला शिकारी. तो डोंगरी बकरे टिपणार, मी त्याचं खाणं आणि वजन बघणार.

मंगळवार, ७

पाकिटावर लिहिलंय दोन जणांचं जेवण, उष्मांक मात्र जेमतेम सहाशे. थंडीत दिवसभर चढउतार करणाऱ्याला चार हजार तरी हवेत. जास्त पाकिटं वाहायची तर पाठ मोडेल. मी गुलाशात आईने दिलेलं साजूक तूप घातलं. लोरेन्झने हुंगलं, चाखलं, "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाला आणि तुपाचा डबाच स्वतःकडे ओढला. मग बराच वेळ नातीबद्दल बोलत बसला. त्याच्या खिशात चिक्की भरून दिली.

बुधवार, ८

सकाळपासून धुकं, दुपारी बर्फ. लोरेन्झ एकटाच गेला, वॉकीटॉकी घेऊन. दुसरा माझ्याकडे.

अंधारायच्या आत परतला. बंदूक नाही, सॅक नाही. एवढ्या बर्फात कोट कोरडा. काय झालं विचारलं तर भूक लागली, एवढंच म्हणाला. मी पाणी तापत ठेवलं, पण तो थांबला नाही. पाकीट फाडून कोरडंच चावायला लागला. एकामागून एक तीन पाकिटं. तूप पुढे केलं तर बघितलंही नाही.

गुरुवार, ९

सकाळी आणखी सहा खाल्ली. पाण्याचा घोट नाही. काट्यावर उभा केला. परवापेक्षा निम्मं वजन. दिसायला तसाच, गालसुद्धा तसेच.

पाकिटं किती उरली, विचारतो. सारखं तेच.

लाकडं आणायला बाहेर आलो तेव्हा, हटमध्ये मुका असलेला वॉकीटॉकी खरखरला. लोरेन्झचा आवाज. म्हणाला, काल दुपारपासून खालच्या घळीत पडलोय, पाय मोडलाय, कुणी उत्तर का देत नाही? मी विचारलं, गुलाशात काय घातलं होतं? तो कण्हत म्हणाला, "टूप."

मागे वळून पाहिलं. लोरेन्झ खिडकीशी उभा होता. माझ्याकडे बघत.

गुरुवार, दुपार

आत गेलो नाही. तसाच उतरलो, टोपीही न घेता. ही वही खिशातच होती. लोरेन्झ सापडला. जिवंत. चिक्कीवर तगलाय. त्याला कड्याच्या आडोशाला ओढलं. बेर्गवाख्ट म्हणजे डोंगरातलं बचाव पथक, त्यांच्याशी वॉकीटॉकीवरून बोलणं झालं. धुकं हटलं की हेलिकॉप्टर येईल.

हटमध्ये कोण आहे हे त्याला सांगितलं नाही.

शुक्रवार, १०

उजाडलं. धुकं विरळ. लांबून हेलिकॉप्टरचा आवाज.

वॉकीटॉकीवर कुणीतरी बोलतंय. हटच्या वायरलेसवरून. आवाज माझा. माझं जर्मन, माझ्या चुकांसकट. म्हणतोय, आम्ही दोघं हटमध्ये सुखरूप आहोत, कालचा गैरसमज, येऊ नका.

मी बटण दाबून ओरडलो. बेर्गवाख्टवाले म्हणाले, "आल्झो, म्हणजे नक्की बोलतंय कोण?" मी नाव सांगितलं. त्यानेही तेच सांगितलं —

हेलिकॉप्टरचा आवाज लांब चाललाय. परत फिरले —

वरून बर्फ घसरतंय. कुणीतरी उतरतंय. सावकाश. पाकिटं संपली असणार.

लोरेन्झला वाटतंय बेर्गवाख्टची माणसं आली. हसतोय. हात वर करून हाक मारतोय. मी त्याचं तोंड दाबायला —