पानाच्या माथ्यावरचं नाव

अहो,

तुमच्या प्रबंधाची छापखान्यातून आलेली प्रुफं आज तपासून संपली. उद्या भाऊजी ती पुण्याला घेऊन जातील. हे दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटेना, म्हणून तुम्हालाच लिहिते.

केवढं लांब शीर्षक दिलं होतंत! ‘वेळवंड खोऱ्यातील शेतांची नावे व त्यांमागील लोककथा यांचा अभ्यास’. उजव्या पानाच्या माथ्यावर हे एका ओळीत मावत नाही, असं छापखान्यानं कळवलं. मी नुसतं ‘शेतांची नावे’ ठेवलं. रागावला नाहीत ना?

डाव्या पानाच्या माथ्यावर तुमचं नाव आहे. मी छापील पान मोठ्यानं वाचत होते, भाऊजी तुमच्या हस्ताक्षराशी ताडून बघत होते. माथ्यावरच्याच चुका नजरेतून सुटतात, तेही वाचा, असं ते म्हणाले. मी अडले. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर तुमचं नाव कधी उच्चारलं होतं मी? खाली बघत भाऊजी म्हणाले, मी वाचतो. मी नको म्हटलं, आणि वाचलं. सदाशिव.

मग पानामागून पान तेच. नीरेवरचं धुकं आळीत शिरलं होतं. मला वाटत होतं, मी हाका मारतेय आणि तुम्ही बांधाबांधानं पुढं चालला आहात. ‘निजतं वावर’ आलं. त्याचं नाव सांगणारी म्हातारी आठवते? “हितं बैलबी हळू चालत्यात, मास्तर. तुमीबी हळू बोला.” घरी आल्यावरही तुम्ही कितीतरी वेळ कुजबुजतच बोलत होता!

एका पानावर ‘सदशिव’ छापलं होतं. काना मी माझ्या हातानं दिला.

शेवटी भाऊजींनी चाचरत विचारलं, नावाआधी प्रत्येक पानावर ‘कै.’ घालायचं का?

“पहिल्या पानावर एकदा घाला,” मी म्हणाले. “आत नको. आत ते अजून शेतांची नावं विचारत हिंडतायत.”

त्यांनी तसंच समासात लिहिलं.

भर श्रावणात भिजत हिंडू नका, असं किती विनवलं होतं! त्या तापातून उठलाच नाहीत.

वेल्ह्याकडची नावं तुमची राहून गेली. भातकापणी झाली की भाऊजींना सोबत घेऊन मी जाईन. तिथल्या बायका माझ्याशी मोकळ्या बोलतील. तो भाग छापला की डाव्या पानावर आपली दोघांची नावं येतील. एका ओळीत मावतात. मी लिहून पाहिलं.

तुमची,
यमुना