शेपूट छाटण्याचा प्रोग्राम

४.११., सोमवार
निश्चय: आजपासून मी प्रोग्रामर. पाणीपुरवठा खात्यातली मीटर वाचायची नोकरी फक्त पोटापुरती. पायथनच्या ऑनलाइन कोर्सचे तीन धडे झालेत. चौथ्यापासून पुढचे मठ्ठांसाठी असावेत.

कारण कालचं. दर वर्षी सोळा नोव्हेंबरला सासुरवाडीला घराण्याच्या संताचा सण असतो. दर वर्षी एक फोटो, मेणबत्ती पेटवताना सासरे तिहोमिरबाबा. बाबा या वसंतात गेले. जुने फोटो तळघरातल्या ओलीने खाल्ले होते, म्हणून मेव्हणा ओब्रादने सगळे स्कॅन करून टाकून दिले. काल टीव्हीवर लावले, तर प्रत्येकाखाली नाव: १६.११.१९८४.जेपीजी, १६.११.१९८५.जेपीजी. सासूबाई स्तामेंका चष्मा पुसत म्हणाल्या, हा जेपीजी कोण रे? दर वर्षी हजर दिसतोय, पण मी याला कधी जेवायला वाढलेलं आठवत नाही.

सगळे हसले. मी उभा राहून जाहीर केलं की सणापर्यंत नावांमागचं हे जेपीजीचं शेपूट छाटून दाखवतो. ओब्रादने पेनड्राइव्ह दिला. देण्याआधी आईकडे बघितलं, तिने मान हलवली. याला म्हणतात विश्वास.

५.११.
युक्ती सापडली. नाव टिंबाशी तोडायचं, पहिला तुकडा ठेवायचा, बाकी गटारात. एका ओळीचं काम. चाचणी घेतली: ओब्राद.जेपीजी. उत्तर आलं: ओब्राद. आणखी चाचण्या घेणं म्हणजे स्वतःवर अविश्वास.

ल्युबिंकाला दाखवलं. बायको औषधाच्या दुकानात काम करते, तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. म्हणाली, अरे रादिवोये, तारखेतपण टिंबं आहेत ना? शेवटच्या टिंबाशी तोड की. म्हटलं, तू गोळ्या मोज. म्हणाली, त्याच मोजतेय, तुझ्यापायी लागणाऱ्या.

७.११.
चौथा धडा करायचं ठरवलं होतं. खोकला होता.

८.११., शुक्रवार
झालं! फत्ते!

आधी कॉम्प्युटर अडून बसला. पहिल्या फोटोचं नाव बदललं, दुसऱ्याला म्हणतो, या नावाची फाइल आधीच आहे. तिसऱ्यालाही तेच. अगदी सरकारी खिडकीवरच्या बाईसारखा. मग इंटरनेटवर शोधून एक वेगळी आज्ञा काढली. ती घातली की कॉम्प्युटर हुज्जत घालत नाही. घातली. पापणी लवायच्या आत काम खलास.

फोल्डर कसं लख्ख झालं! आधी नावांची नुसती झुंबड, आता एकच सुटसुटीत नाव: १६. प्रोग्रामने सगळे फोटो एका अल्बमात बांधले असणार. मी सांगितलंही नव्हतं. माझ्यावर गेलाय. उघडून बघायची गरज वाटली नाही. दोन पेले प्लमची दारू.

१०.११.
सासूबाईंचा फोन. जावईबापू, झालं का? म्हटलं, परवाच. मग त्यांचा आवाज जरा उतरला. म्हणाल्या, सुरुवात चौऱ्याऐंशीपासून कर हं. त्या वर्षी तिहोमिरने मला न विचारता मिशी काढली, सणाच्या दिवशी. मी आठवडाभर बोलले नाही त्याच्याशी. तो एकच बिनमिशीचा फोटो आहे. एकदा बघते, आणि राहिलेलं बोलून घेते.

म्हटलं, आई, पहिला तोच लावतो.

१२.११.
अल्बम उघडला. आत एकच फोटो. गेल्या वर्षीचा. पुढे मी खुर्चीत झोपलेलो, तोंड उघडं, पोटावर पावाचा तुकडा. मागे बाबांची पाठ आणि अर्धी मेणबत्ती.

पुढचं पान येण्यासाठी कीबोर्डवरचं प्रत्येक बटण दाबलं. एक बटण निघालं. बाकीचे फोटो याच्याखाली असणार. कॉम्प्युटरला विश्रांती दिली.

१३.११.
नाहीत. एकावर एक, एकावर एक बसत गेले आणि प्रत्येकाने खालच्याला गिळलं. पुसलेलं परत आणणारा प्रोग्राम चालवला. त्याने माझा जुना नोकरीचा अर्ज आणि डुकराच्या चरबीच्या वड्यांची कृती परत आणली.

चूक ओब्रादची. तारखेत टिंब घालतं का कोणी? (आपल्याकडे सगळेच घालतात. मुद्दा तो नाही.)

ल्युबिंकाने विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. त्या मिशीचं काय सांगू म्हातारीला?

१५.११.
ताप आला तर बरं. तीनदा थर्मामीटर लावला. ठणठणीत. वीज जाईल अशी आशा. आमच्या वाल्येवो गावात एरवी ढग दिसला की जाते. आकाश निरभ्र.

१६.११.
सणाचा पाव कापला, उकडलेले गोड गहू सगळ्यांना दिले, डुक्कर खरपूस भाजलेलं. माझी खुर्ची नेहमीसारखी दाराशी, कोटांच्या खाली. ओब्राद म्हणाला, दाजी, लावा.

बटण दाबलं. टीव्हीभर मी, झोपलेला. खाली नाव: १६. पुढचा फोटो: मी, झोपलेला. त्याच्या पुढचा: मी. शेजारचे काका म्हणाले, पाणीपुरवठा खातं कामावर आहे वाटतं. घर खदाखदा हसलं. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, चौऱ्याऐंशी?

मी उठून त्यांच्यासमोर गेलो. म्हटलं, आई, गेले. सगळे गेले, माझ्या हातून. मिशीपण. म्हणजे, नसलेली. रडूच आलं.

त्यांनी तोंडातले गहू सावकाश चावून संपवले. मग म्हणाल्या, ओब्राद, आण रे. ओब्रादने संताच्या तसबिरीमागे हात घालून दुसरा पेनड्राइव्ह काढला. मला दिली होती ती कॉपी. सासूबाईंचा हुकूम. मला म्हणाल्या, अस्सल वस्तू तुझ्या हातात एकदाच दिली, ती म्हणजे आमची ल्युबिंका. तेव्हाच कॉपी ठेवायला हवी होती.

टीव्हीवर तिहोमिरबाबा आले. गुळगुळीत, तरुण, घाबरलेले. सासूबाई बराच वेळ बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, मेल्या, बरा दिसत होतास रे.

खाली शेपूट होतंच. मी छाटायचा विषय काढला. म्हणाल्या, राहू दे तो जेपीजी. एवढी वर्षं येतोय, आता घरचाच झाला.

१७ नोव्हेंबर
निश्चय: तारखेत टिंब बंद. पहिल्या धड्यापासून पुन्हा.

सासूबाईंचा फोन. माझा झोपलेला फोटो मोठा करून फ्रिजवर लावायचाय, त्यात तिहोमिरची पाठ छान आलीये. फाइल ओब्रादकडे मागितली म्हणे. म्हटलं, आई, माझ्याकडे पण आहे की ती. म्हणाल्या, माहितीये. म्हणूनच.