डीलरचे दोन्ही पत्ते उघडे

५ ऑक्टोबर, रविवार
सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं. यंदा लक्ष्मीपूजनाला तीन पत्ती बंद. चिंचोके लावून ब्लॅकजॅक, तोही 'डबल एक्स्पोजर'. बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पुढं गेलात की बाद. साध्या खेळात पत्ते वाटणारा डीलर स्वतःचा एक पत्ता झाकतो, यात दोन्ही उघडे. अमेरिकेतल्या एका गणितवाल्याची आयडिया, लास वेगासला हिट.
शेजारचे अन्सारभाई म्हणाले, "वैजनाथराव, सगळंच दिसायलं तर हरंल कोण?"
हेच तर अपील!
बायको, पद्मजा, दसऱ्यापासून नाशिकला, भावाकडं. आराम करतेय. स्वेटरसुद्धा सगळे नेलेत. नाशिकला थंडी असते.

११ ऑक्टोबर
रोज प्रॅक्टिस करायचं ठरलंय. उद्यापासून. पद्मजा फोन उचलत नाही. नेटवर्क.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
सेक्रेटरी सर्जेराव म्हणाले, तीन पत्ती होणारच, तुमचं टेबल जिन्याखाली लावा. म्हणजे व्हीआयपी कॉर्नर.
रिहर्सलला अन्सारभाई आणि आबेदाभाभी. भाभींनी विचारलं, पद्मजा कधी यायलीय? दिवाळीला, म्हणालो. त्यांनी डबा दिला. खाल्ला. काय होतं, लक्षात नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
एकवीस तारखेला एकवीसचा खेळ. शुभ!
टेबलावर कुणी आलं नाही. पद्मजा आली. तिचा भाऊ सोमनाथ वरून, आमच्या घरातून, तिचं शिलाई मशीन उतरवत होता, तोवर ती समोर बसली. पत्ते वाटले. माझे अठरा. तिचेही अठरा. मी तिचे चिंचोके ओढले.
"बरोबरी झाली ना?"
सांगितलं, यात बरोबरी झाली की डीलर जिंकतो. म्हणून तर त्याला पत्ते उघडे ठेवणं परवडतं.
ती म्हणाली, "तुमचं घरातही असंच होतं."
कौतुकानं म्हणाली असावी. नियम पटकन समजला तिला. गाडी गेली तेव्हा मी पत्ते पिसत होतो.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
काल पाडवा. ओवाळायला कुणी नव्हतं. मला तसंही आवडत नाही.
आज वकिलाचा फोन. पद्मजाताई परत येणार नाहीत, म्हणाला. बरं, म्हणालो. तुम्हाला काही बोलायचंय? नाही, म्हणालो.
भूक लागली असावी. कुकर सापडला. वरणाला शिट्ट्या किती, माहीत नाही. आबेदाभाभींना विचारायला गेलो. त्यांनी दार उघडलं, या म्हणाल्या.
काय विचारायचं होतं, ते आठवेना. दारातच उभा राहिलो.