वरचं शेत

प्रिय बाबा,

गेल्या आठवड्यात, मी गावात राहून आपली नाशपतीची झाडं सांभाळणार म्हटल्यावर, फोनवर तुम्ही विचारलंत, "शिडीवरच चढायचं होतं, तर घरातली पहिली पदवीधर कशाला झालीस?" फोनवर तुम्ही प्रश्न विचारून लगेच ठेवून देता, म्हणून हे पत्र.

दादाच्या नवव्या मजल्यावरच्या घरी, झाडावरून पडून मोडलेला तुमचा पाय बरा होतोय ना? नव्या वर्षाला मी पाठवलेली नाशपतीची टोपली वहिनीने कचऱ्यात टाकली, हे दादाने हसत हसत सांगितलं. "सगळी काळी पडली होती, सडली म्हणून टाकली." ती दक्षिणेची, तिला काय ठाऊक! आपली मऊ नाशपती गोठून काळी पडल्याशिवाय गोड होत नाही, मग थंड पाण्यात ठेवून बर्फ सुटला की साल फोडून रस ओढायचा असतो, हे तिला कोण सांगणार? तुम्ही तिथेच बसला होतात, बाबा. तरी टाकू दिलीत. मला वहिनीचा नाही, तुमचा राग आला.

इकडे नदीवरचा बर्फ सुटला. परवा तिसरे काका करवत आणि दोन माणसं घेऊन आले. "तुझ्या बापानेच सांगितलंय. पाचही म्हातारी झाडं आडवी करायची आणि बुटकी नवी जात लावायची. खुर्चीत बसून फळं तोड, पोरी!" मी म्हटलं, बापाने सांगितलं असेल, झाडांनी नाही सांगितलं. तर म्हणतात, "कॉलेजात हेच शिकवतात वाटतं, उलट बोलायला?"

कॉलेजात कलमं करायला शिकवली, बाबा. या झाडांच्या काड्या घेऊन मी जात वाचवू शकते, हे खरं आहे. तिथे आपल्या मऊ नाशपतीची दोन झाडं आहेतही, माझ्या खांद्याएवढी, गळ्यात नावाची पट्टी. पण खाली भाजी आणि वर आभाळात नाशपती, अशी एका जमिनीत दोन शेतं आपल्या पूर्वजांनी केली. वरचं शेत कसणारी माणसं शिडीवर घडली. पट्टी लावून ती माणसं उगवत नाहीत.

तुम्ही झाडावर चिडला आहात असं सगळ्यांना वाटतं. मला नाही वाटत. त्या दिवशी शिडीचा पाय धरायला गल्लीत कुणीच उरलं नव्हतं, म्हणून तुम्ही एकटे चढलात आणि पडलात. दादा शहरात, मी वसतिगृहात. आता झाडच नसलं की मी चढायची नाही, एवढंच तुमचं गणित आहे. मला ते कळतं. पण मान्य नाही.

हे पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगते, कारण काका तुम्हाला अर्धंच सांगतील. ते माणसांना करवतीची धार दाखवत होते, तेवढ्यात मी तुमचा दोर कमरेला बांधला, मोठ्या झाडाला शिडी लावली आणि चढले. मला आपल्या गल्लीचा नियम ठाऊक होता: शिडीवर माणूस असेल, तर खाली उभ्या असलेल्याने तिचा पाय धरायचाच, मग वर सात जन्मांचा वैरी का असेना. काकांनी आधी शिव्या दिल्या, मग करवत टाकली आणि शिडी धरली. "खाली बघू नकोस, गाढवे! पुढची फांदी सुकलीय, तिच्यावर भार देऊ नकोस! तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?" मी शेंड्यापर्यंत गेले, किडे लपतात ती जुनी साल खरवडली, वाळक्या डहाळ्या काढल्या. दुपार कलली तरी काकांनी शिडी सोडली नाही. त्यांची माणसं कंटाळून करवत घेऊन निघून गेली. खाली उतरल्यावर काका एवढंच म्हणाले, "उद्या लवकर चढ. दुपारी वारा सुटतो." काल दुसरं झाड झालं, आज तिसरं. पदवीनंतर मिळालेली शहरातल्या रोपवाटिकेची नोकरी मला नको, हेही मी रोपवाटिकेला कळवून टाकलं आहे.

तुमचीच,
सूयिन